संत्र्याच्या बागेत रात्रीचं पाणी आणि टॉर्चचे चार्जिंगवाले सेल: पाच महिन्यांच्या नोंदी

१८ जानेवारी

अंबिया बहाराचा ताण (फुलोऱ्यासाठी झाडांचं पाणी बंद ठेवतात तो) तोडून पहिलं पाणी सुरू झालं. मी राहतो नागपुरात, मानेवाड्याला. बाग काटोलकडे आणि लाईन बरेच दिवस रात्रीची. बाबा, काका आणि सालदार मामा आळीपाळीनं मोटर चालू करायला, ड्रिपचे व्हॉल्व्ह फिरवायला जातात. रानडुकरं आहेत, घोणस आहे. टॉर्चशिवाय पाऊल टाकायचं नाही.

आधी शब्दांचा घोळ मिटवतो. आमच्या घरी टॉर्चला 'बॅटरी' म्हणतात आणि आत घालायचे ते 'सेल'. फोनवर मी आईला म्हटलं, "बॅटऱ्या चार्ज करायच्या आहेत," तर तिनं दोन टॉर्च पुसून पिशवीत घालून ठेवले. म्हणून या नोंदीत टॉर्च म्हणजे टॉर्च आणि सेल म्हणजे सेल. सगळीकडे दुकानात ज्याला पेन्सिल सेल म्हणतात, तो डबल ए.

सध्याचा खर्च मोजला. मामा आणि काकांचे टॉर्च दोन-दोन पेन्सिल सेलचे. साधे १२ रुपयेवाले सेल आठवड्यात तीनदा बदलतात, म्हणजे १४४ रुपये. बाबांचा जुना स्टीलचा टॉर्च तीन मोठ्या सेलचा, त्याचे साधारण ६० रुपये. आठवड्याला दोनशेच्या वर, आणि हंगाम वीस आठवड्यांचा. वर विहिरीच्या कठड्याजवळ मेलेल्या सेलचा ढीग, त्यातले अर्धे पाझरलेले.

आतच चार्जिंग असलेले टॉर्च का नको? माळ्यावर तसे तीन पडलेत. दोन वर्षांत सेल बसला, उघडायला स्क्रू नाही, फेकायला मन नाही. पेन्सिल सेलवाला टॉर्च असला की चार्जिंग संपलं तरी गावातल्या किराणा दुकानातून दोन सेल आणून रात्र निघते. मला ही सोय सोडायची नाही.

२५ जानेवारी

पहिली खरेदी, पहिली चूक. ८ चार्जिंगचे सेल ५६० रुपयांत घेतले. अंगावर ठळक '३००० एमएएच', म्हणजे सेलमध्ये किती माल मावतो त्याचं माप. नाव सांगत नाही, तसंही पुढच्या महिन्यात त्याच सेलवर दुसरं नाव असेल. सोबत भिंतीत खोचायचा चार्जर फुकट.

चार्जर जोडीनंच चार्ज करतो. एक सेल अर्धा भरलेला आणि दुसरा रिकामा असला तरी दोघांना सारखंच पाजतो. लाल दिवा रात्रभर लाल. कधी थांबायचं ते त्याला कळत नाही, मलाही नाही. सकाळी सेल हातात धरवत नव्हते.

२ फेब्रुवारी

मामांकडून तक्रार: "भाऊ, सेल नवे हायेत म्हनता, पन उजेड काजव्यावानी पडून राहिला."

मी सेलला शिव्या दिल्या. निम्मीच गोष्ट खरी निघाली. टॉर्च उघडून पाहिला, तर आत एलईडी आणि एक रोधक, बाकी काही नाही. पांढऱ्या एलईडीला नीट पेटायला तीन व्होल्टच्या आसपास लागतात. साधे दोन नवे सेल मिळून तीन व्होल्ट देतात. चार्जिंगवाला निकेल-मेटल हायड्राइड सेल १.२ व्होल्टचा, दोन मिळून २.४. सेल कितीही चांगला आणा, असल्या टॉर्चमध्ये तो मिणमिणणारच.

म्हणजे आधी टॉर्च बदलायला हवा होता. दोन सेलचा घ्यायचा तर आत व्होल्टेज वाढवणारं सर्किट असलेलाच घ्यायचा. ओळखायचं कसं? टॉर्चच्या पत्रकावर चार्जिंगचे निकेलवाले सेल चालतात असं स्पष्ट लिहिलेलं असतं. लिहिलेलं नसेल तर घेऊ नका. ८५० ला एक, असे दोन घेतले. वास्तविक पहिला खर्च हा असायला हवा होता, मी दोन आठवडे उलट्या बाजूनं चाललो.

९ फेब्रुवारी

सीताबर्डीहून चार खणांचा, सेल तपासणारा चार्जर आणला. २४५० रुपये. बायकोनं किंमत विचारली, मी विषय बदलला. प्रत्येक खण वेगळा चालतो. सेल पूर्ण भरतो, रिकामा करतो, किती निघालं ते मोजतो आणि परत भरतो. एका फेरीला आठ-नऊ तास.

पहिली फेरी वाया. सातव्या तासाला लाईन गेली, पाच मिनिटांत आली, तोवर पडद्यावरचे सगळे आकडे शून्य. हा चार्जर लाईन आली की सगळं विसरून मुळापासून सुरू होतो. तेव्हापासून मोजणी इन्व्हर्टरच्या प्लगवर.

'३०००' वाल्या आठ सेलचे खरे आकडे: ११८०, ११४०, १०९०, १०६०, ९८०, ७६०, ७१०, ६४०.

इतवारीत सराफ्याकडे ओळखीच्या सोनाराकडे बसलो होतो, सहज म्हणून त्याच्या काट्यावर सेल ठेवला. १८ ग्रॅम. तो म्हणाला, "पोकळ आहे हे, दागिना असता तर मीच घेतला नसता." त्याचं बरोबर होतं. चांगला २००० चा सेल २६-२७ ग्रॅमचा भरतो, २५०० चा तीसच्या आसपास. आकडा छापायला शाई पुरते, वजनाला आत माल लागतो. आता दुकानात जाताना खिशात छोटा काटा असतो. दुकानदार हसतात, हसू देत.

१६ फेब्रुवारी

दुसरी खरेदी, दुसरी चूक. ही जरा हुशारीची होती.

यूएसबी-सीची वायर थेट सेलच्या डोक्याजवळ खोचायची, वेगळा चार्जर नको. आत लिथियम सेल आणि त्याचं व्होल्टेज १.५ वर आणणारं सर्किट. चार सेल १३८० रुपये. वर '३५००' लिहिलेलं, पण बारीक अक्षरात त्यापुढं एमडब्ल्यूएच (एमएएच गुणिले व्होल्ट), एमएएच नव्हे. १.५ नं भागलं की २३०० च्या आसपास एमएएच उरतात. फसवणूक नाही म्हणता येणार, आकडा खोटा नाही. फक्त डोळ्यांना मोठा दिसतो. तुलना करायची तर दुसऱ्या बाजूचाही हिशोब करा: २००० एमएएचचा निकेलवाला सेल १.२ नं गुणला की २४०० एमडब्ल्यूएच. म्हणजे लिथियममध्ये माल जास्त आहे, छापतात तितका जास्त नाही.

टॉर्चमध्ये उजेड झकास. मी खूश होऊन चारही मामांना दिले.

२२ फेब्रुवारी

रात्री पावणेदोनला फोन. मामा बांधाच्या पलीकडच्या तुकड्यात, दांडात उभे. "भाऊ, येकदमच इझली ना! मंद झाली नाही, काही नाही. टप्पकन काळोख. मंग तिथंच उभा राह्यलो." मामांचा मोबाईल घरी चार्जिंगला होता, काकांचा हाती आला तेव्हा वीस मिनिटं झाली होती. तोवर ते एका जागी पाय न हलवता उभे. दुसऱ्या दिवशी जागा पाहिली. त्यांच्यापासून दहा पावलांवर वारूळ.

सेल बिघडले नव्हते. ते असेच चालतात. आतलं सर्किट शेवटपर्यंत १.५ व्होल्ट देतं आणि माल संपला की दार लावून घेतं. जोडीतल्या एकानं दार लावलं की टॉर्च बंद. निकेलवाला सेल संपत आला की उजेड पिवळट होतो, माणसाला घराकडं वळायला वेळ देतो. खोलीत बसून पत्रक वाचताना 'शेवटपर्यंत एकसारखा उजेड' हा मला गुण वाटला होता.

चारही सेल पोरीच्या खेळण्यातल्या गाडीत गेले. गाडी सुसाट पळते.

१ मार्च

आता सरळ वाट धरली. चार्ज धरून ठेवणारे निकेलवाले सेल. साधा निकेलवाला सेल भरून नुसता ठेवला तरी महिन्याभरात बराच रिकामा होतो, उन्हाळ्यात त्याहून लवकर. ही गळती कमी केलेले सेल सान्योनं २००५ साली जपानात 'एनेलूप' नावानं आणले, आता ते पॅनासोनिकच्या नावानं मिळतात. पांढरे आठ घेतले, २३०० रुपये. काळे, जास्त क्षमतेचे, चार घेतले, १८५० रुपये.

पांढऱ्यावर किमान १९०० एमएएच, काळ्यावर २५००. पण कंपनी पांढरा २१०० वेळा चार्ज होईल म्हणते आणि काळा ५०० वेळा. क्षमता जास्त तितकं आयुष्य कमी, हे डब्यावरच छापलेलं आहे. मी मात्र दुकानात '२५००' पाहून हुरळलो.

त्याच दुकानात एकानं मला 'याच मापाचा, जास्त पॉवरचा' म्हणून एक सेल दाखवला. मापानं हुबेहूब पेन्सिल सेल. अंगावर बारीक अक्षरात '१४५००'. खिशातला मल्टिमीटर लावला, ४.१ व्होल्ट. असे दोन टॉर्चमध्ये घातले असते तर तीन व्होल्टच्या सर्किटला आठ मिळाले असते आणि ८५० रुपयांचा टॉर्च एका क्षणात गेला असता. दुकानदाराला म्हटलं, तो म्हणाला, "चालते ना, लोक घेऊन राहिले." मापावर जाऊ नका, व्होल्ट वाचा.

९ मार्च

आमच्या न्हाणीला खिडकी नाही. उलट्या बादलीवर फोन ठेवला, उजेड मोजायचं ॲप चालू केलं, टॉर्च छताकडं तोंड करून उभा. पोरगी दर पाच मिनिटांनी आकडा वाचणार, मी लिहिणार. दोन रविवार गेले, आंघोळीच्या वेळा बदलल्या, घरात नाराजी.

टॉर्च पूर्ण उजेडावर, प्रत्येक वेळी तोच.

साधे १२ रुपयेवाले: सुरुवात ४५, नवव्या मिनिटाला २०, पंचवीस मिनिटांनंतर लिहिण्यासारखं काही नाही.

अल्कलाईन: सुरुवात ४७, पस्तीस मिनिटांनी ३०, तासाभरानं १८. नंतर बराच वेळ रेंगाळतो, पण चालायला उपयोगाचा नाही.

पांढरे: सुरुवात ४६, तासाला ४४, दीड तासाला ४०, मग दहा मिनिटांत खाली ८ वर, आणि त्या ८ वर आणखी पंधरा-वीस मिनिटं.

काळे: तसंच, फक्त दोन तासांच्या थोडं पुढं.

यूएसबीवाले: ४७, ४७, ४७, दोन तास आठ मिनिटं, शून्य. पोरगी किंचाळली.

यात मला अल्कलाईनचं आश्चर्य वाटलं. घड्याळात, रिमोटमध्ये तो वर्षानुवर्षं जातो. टॉर्च मात्र एक अँपिअरच्या आसपास ओढतो आणि तेवढं ओढलं की त्याचं व्होल्टेज बसतं. कागदावर तो १.५ चा आणि निकेलवाला १.२ चा, पण भाराखाली दहा मिनिटांनी पाहा, कोण कुठं आहे.

१४ मार्च

धुळवडीची सुट्टी. सेलच्या जोड्या मोडू नयेत म्हणून नंबर घालायचे होते. दोन सेल एकापाठोपाठ जोडलेले असतात, त्यात एक दमदार आणि एक मरतुकडा असला की मरतुकडा आधी संपतो, दमदार त्यातून प्रवाह रेटत राहतो आणि मरतुकड्याचे ध्रुव उलटतात. म्हणून जोडी कायम तीच, चार्जिंगला पण एकत्रच.

मी कागदी स्टिकर लावून नंबर टाकले. काळ्या सेलवर. टॉर्चच्या नळीत एक गेला, दुसरा गेला, बाहेर यायला तयार नाहीत. काळे सेल मुळातच जरा जाड भरतात, वर माझा स्टिकर. आपटून पाहिलं, ओट्याला टवका उडाला. शेवटी तळाचं झाकण आणि पुढचं डोकं दोन्ही काढून लाकडी पेन्सिलीनं हळूच ढकलले. आवरण फाटलं, आत सगळं अंग ऋण ध्रुव असतं, म्हणून त्या सेलला वेगळी उष्णतेनं आकसणारी नळी चढवली. दोन तास.

नंबर आता न पुसणाऱ्या मार्करनं थेट सेलवर. स्टिकर नाही, सेलोटेप नाही. आणि घेताना आधी आपल्या टॉर्चमध्ये सेल आत-बाहेर करून पाहा.

काळे सेल टॉर्चच्या यादीतून बाद. वीस मिनिटं जास्त मिळतात, पण मामा रात्री अंधारात, गार हातांनी सेल बदलतात. अडकणारा सेल तिथं चालणार नाही.

२३ मार्च

बाबांचा टॉर्च. तीन मोठ्या सेलचा, स्टीलचा, माझ्या जन्माच्या आधीचा. नवा टॉर्च दिला तर त्यांनी हातात तोलून परत केला. "हा खेळना आहे. डुकराच्या टाळक्यात घालता येते का हा?"

मग पेन्सिल सेल मोठ्या सेलच्या जागी बसवायच्या प्लास्टिकच्या डब्या आणल्या, चार २२० रुपयांत. मोठा सेल ६१ मिलिमीटर लांब आणि ३४ रुंद, आपला पेन्सिल सेल ५० आणि १४. डबी तेवढी जागा भरून काढते. तीन सेल मिळून ३.६ व्होल्ट होतात, म्हणून इथं दोन सेलवाली अडचणच आली नाही. त्यात जो एलईडीचा बल्ब बसवला होता तो मस्त पेटला.

पण टॉर्च हलवला की लुकलुक. एका डबीची तळाची पत्री आत दबलेली. चिमट्यानं बाहेर वाकवली. दुसऱ्या दिवशी परत तेच. शेवटी पत्रीखाली सायकलच्या ट्यूबचा गोल तुकडा कापून घातला, रबर पत्रीला कायम वर रेटतं. तेव्हापासून लुकलुक नाही.

बाबांनी अंगणात जाऊन लिंबाच्या शेंड्यावर उजेड मारून पाहिला. "वजन कमी झालं," एवढंच म्हणाले.

६ एप्रिल

तीन टॉर्चना सात सेल. माझ्याकडे पांढरे आठ. एक संच चार्जिंगला असताना दुसरा हवाच. आणखी आठ घेतले, पुन्हा २३००.

आता माझी सगळ्यात मोठी गैरसमजूत. 'हळू चार्ज केलं तर सेल जास्त टिकतो' म्हणून मी चार्जर २०० मिलिअँपिअरवर ठेवत होतो. परवा सेल क्रमांक ३ वर पडद्यात आकडा ३१४०. दोन हजारांच्या सेलमध्ये तीन हजारांवर माल गेला कुठं? उष्णतेत. सेल चटका देत होता.

भरलेला निकेलवाला सेल ओळखायची चार्जरची खूण अशी: भरला की त्याचं व्होल्टेज चढता चढता काही मिलिव्होल्टनं घसरतं. प्रवाह फार कमी असला तर ही घसरण इतकी बारीक होते की चार्जरला दिसत नाही आणि तो रेटत राहतो. दोन हजारांच्या सेलला १००० ठेवलं तर दोन-सव्वादोन तासांत भरून स्वच्छ थांबतो. सेल कोमट होतो, तेवढा व्हावा. २०० चा वापर आता फक्त एका कामाला, खाली येईलच.

१९ एप्रिल

मामांच्या कमरेला चटका. चार्ज केलेले दोन सुटे सेल सदऱ्याच्या खिशात, त्याच खिशात चुन्याची डबी आणि चिल्लर. वाकून व्हॉल्व्ह फिरवताना डबीनं सेलची दोन्ही टोकं जोडली. त्यांनी खिसा उलटा केला, डबी, सेल, पैसे सगळं चिखलात. साध्या सेलनं असं झालं असतं तर कदाचित कळलंही नसतं. हे सेल क्षणात केवढातरी प्रवाह सोडतात, ते टॉर्चला हवं असतं आणि खिशाला नको असतं.

डबे केले. चार सेलचा प्लास्टिकचा डबा विकत मिळतो, नसेल तर होमिओपॅथीच्या गोळ्यांची जरा मोठी बाटली चालते. भरलेले सेल बटण (धन टोक) वर करून, संपलेले बटण खाली करून. आईनं ही पद्धत एका सांगण्यात उचलली, तिच्याकडे आता चार्जिंगचं खातं आहे.

११ मे

मानेवाड्याचं घर वरच्या मजल्याचं. रात्री दहाला खोलीत ३९ अंश. काल दुपारी चार सेल लावले, दोन तासांनी पडद्यावर सेलचं तापमान ५८ आणि चार्जर स्वतःच थांबला. सेल अर्धवट. चाळीस अंशांच्या वर हे सेल चार्ज घ्यायलाच कुरकुरतात, जो प्रवाह देता त्यातला बराचसा उष्णता होऊन जातो.

कूलरसमोर ठेवून पाहिलं. थंड झाले, पण कूलरची हवा ओली, दोन दिवसांत चार्जरच्या पत्र्या काळपट पडल्या. व्हिनेगरनं पुसल्या, कूलरचा नाद सोडला.

आता पहाटे साडेचारला. चार्जर टेबलावर नको, शहाबादी फरशीवर, दोन सेलमध्ये एक खण रिकामा सोडून. म्हणजे एका वेळी दोनच सेल. प्रवाह ७०० वर, त्यावर थांबण्याची खूण चार्जरला बरोबर दिसते आणि तापमान ४४ च्या पुढं गेलं नाही. बाबांच्या तीन सेलला दोन फेऱ्या लागतात. गावात आई तशीही चारला उठते, ती म्हणाली मला काय, दूध तापवते तसे हे तापवीन.

२५ मे

काकांच्या टॉर्चचं बटण पिशवीत दाबलं गेलं. दोन दिवस पेटलेला, कोणाच्या लक्षात नाही. सेल ५ वर ०.८ व्होल्ट, सेल ६ वर ०.०४. नवा चार्जर ६ ला ओळखेचना, खण रिकामा असल्यासारखा दाखवतो.

इथं तो फुकटचा मूर्ख चार्जर कामाला आला. त्याला अक्कल नाही, म्हणून तो काहीही चार्ज करतो. दहा मिनिटं त्यात ठेवला, बाजूला बसून राहिलो, सोडून गेलो नाही. व्होल्टेज १.२ च्या वर आलं. मग शहाण्या चार्जरमध्ये २०० वर, भरताना दर तासाला हात लावून. मग मोजणी.

१५७०. पूर्वी १९८० होता. दुसऱ्या फेरीला १६४०, तिसऱ्याला १६५०, तिथं थांबला. ६ वर लाल ठिपका काढला आणि तो दिवाळीच्या माळेत वापरायला वेगळा ठेवला. ५ सुखरूप आहे, १९४०, पण त्याची जोडी मोडली, आता तो सुट्यांपैकी एकाबरोबर.

पिशवीत ठेवताना टॉर्चचं तळाचं झाकण पाव फेरा सैल करायचं. काकांना सांगितलं. मला हे जानेवारीतच सांगता आलं असतं.

८ जून

एक चाचणी राहून गेली होती, ती आज पूर्ण. चार मेला एक पांढरा आणि पहिल्या लॉटमधला एक '३०००' वाला भरून कोठीत, धान्याच्या कणगीशेजारी ठेवले होते. तिथं पंखा नाही. पाच आठवड्यांनी मोजले. पांढऱ्यात १६६०, दुसऱ्यात १९०.

हिशोब, लपवाछपवी न करता. टॉर्च १७००, चार्जर २४५०, पांढरे सोळा ४६००, डब्या २२०, एकूण ८९७०. हे लागणारच होते. वाया: पहिले सेल ५६०, यूएसबीवाले १३८०. काळे १८५० अर्धे वाया म्हणा, ते माझ्या नागपुरातल्या टॉर्चमध्ये आहेत, स्टिकरशिवाय. या हंगामात साध्या सेलवर चार हजारांच्या आसपास गेले असते. म्हणजे यंदा पैसे वाचलेले नाहीत. तिसऱ्या हंगामाच्या शेवटी बरोबरी होईल, तीही मी काही नवं विकत आणलं नाही तर. बायकोनं हे वाक्य मुद्दाम लिहायला लावलं.

आकाश भरून आलंय, पाण्याची पाळी संपत आली. मी बाबांचा टॉर्च साफ करायला नागपूरला घेऊन येणार होतो. नाही दिला. सेल क्रमांक १, २, ४ त्यातच आहेत, आई रविवारी काढून चार्जिंगला लावेल.